पांगाऱ्याच्या करंज्या

वच्छलाबाई खोटं बोलणाऱ्यातली बाई नव्हती. जळगाव जामोदच्या सुतारआळीत तिच्या शब्दाला वजन होतं. दोन घरांत भांडण लागलं की निवाड्याला तिलाच बोलावत, आणि ती पदर खोचून जाई, दोन्ही घरांना झापून परत येई. पण पोटच्या पोरीची सोयरीक अडली म्हणजे खऱ्या बाईचीसुद्धा जीभ घसरते. वच्छलाबाईची घसरली, ती थेट करंजीवर जाऊन पडली.

पोरीचं नाव सोजरा. सतरावं संपत आलेलं. चौदाच्या आत पोरीचं लग्न करायचं नाही, असा शारदा कायदा झाल्याला पाच-सहा वर्षं झाली होती, त्यामुळे सुरुवातीला सांगायला सोय होती, की बाई, सरकारच नको म्हणतं तर आम्ही काय करणार? पण चौदा झाली, पंधरा झाली, सोळाही सरली. सरकारला पुढं करून करून किती दिवस काढायचे?

पोरीत खोड म्हणाल तर काही नव्हती. नाकीडोळी नीटस, बोलायला मोजकी, अंगात आळस नावाला नाही. फक्त तिला स्वयंपाक येत नव्हता. कमी येत होता असं नाही, अजिबात येत नव्हता. ह्याला कारण तिचा बाप. निवृत्ती सुताराला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं रांगती पोर कामाच्या छपरात नेऊन बसवली आणि हातात खेळायला लाकडाच्या ढलप्या दिल्या. आठव्या वर्षी ती रंधा मारत होती. बाराव्या वर्षी तिनं केलेल्या पाळण्यात आळीतली तीन लेकरं झोपत होती. आणि भाकर थापायला बसवली, तर तिनं भाकरीच्या चारी कडा कापून सरळ केल्या आणि बापाचा गुण्या लावून कोपरे तपासले. वच्छलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. कुरडया पाडायचा जुना सोऱ्या तडकला तेव्हा ह्याच पोरीनं असा नवा करून दिला, की अख्खी आळी तो मागून नेई. पण त्या सोऱ्यातून तिला स्वतःला कुरडई पाडायला सांगितली की दोरखंड निघे.

तर अशा ह्या पोरीला बघायला शेगावचे भगवंतराव सुतार आले. शेगावच्या ठेसनाजवळ त्यांचा गाड्या बनवायचा मोठा कारखाना, चार मुलग्यांची लग्नं होऊन गेलेली, पाचव्यासाठी मुलगी बघत होते. भगवंतराव गरीब गाय. बोलायचं काम त्यांच्या बायकोचं, सत्यभामाबाईचं. ह्या बाईच्या जिभेची कीर्ती पूर्णेच्या अलीकडं-पलीकडं पसरलेली. वरणाचा भुरका मारून ती सांगे, की पाणी कुठल्या विहिरीचं आणि डाळ किती दिवसांची. तिनं सोजराला चालून दाखवायला सांगितलं नाही, नाव विचारलं नाही. समोर बसवली आणि आईला विचारलं, करंजी येते का, कुरडई येते का?

वच्छलाबाईनं सोजराचे घट्टे पडलेले हात आधीच पदराखाली लपवायला सांगितले होते. आता मात्र तिच्या तोंडातून निघालंच.

"येते म्हंजे? कुरडई तं ताटाएवढी फुलते हिची. अन् करंजी अशी, की कानाशी धरावं अन् खुळखुळा वाजवावा."

सोजरानं आईकडं असं पाहिलं, की जणू तिच्या अंगात देवी आली असावी. सत्यभामाबाई मात्र खूश झाली आणि सुपारी फुटली.

खरी अडचण सुपारी फुटल्यावर कळली. शेगावकरांच्या घरची रीत अशी, की रुखवतात करंजी आणि कुरडई नवरीच्या स्वतःच्या हातची लागे. लग्नाआधी नवरदेवाच्या आईनं रुखवतापुढं बसून पहिली करंजी मोडायची. तिनं मान डोलावली की वऱ्हाड जेवायला उठणार, मग अक्षता. तिनं तोंड वाकडं केलं तर पुढचं सगळं खोळंबलं. थोरल्या सुनेच्या लग्नात हिनं एक अनारसा उकलून परत ठेवला, तर वऱ्हाड दिवस मावळेपर्यंत उपाशी बसलं होतं म्हणे. वर तिकडून आणखी एक बातमी आली. भगवंतरावांची चुलतभावजय मंजुळाबाई हिला ह्या मुलासाठी आपली भाची करायची होती, आणि ती भाचीला नवं लुगडं नेसवून वऱ्हाडासोबतच आणणार होती. न जाणो, मांडव पडलेला आहे, वाजंत्री आहेत, नवरदेव आहे; एक नवरीच तेवढी बदलायची.

हे ऐकल्यावर वच्छलाबाईनं खोबरं-खसखशीचे डबे काढून मोजून पाहिले. तिनं ठरवलं, करंज्या आपण करायच्या, कुरडया आपण पाडायच्या आणि मांडायच्या पोरीच्या नावानं. सगळ्या आया हेच करतात, देवही बघून न बघितल्यासारखं करतो. पण सोजराला सांगितलं तर ती रंधा खाली ठेवून सरळ उभी राहिली.

"माह्या हातचं म्हनून सांगशीन, तं माह्या हातचंच पाहिजे, माय. तुह्या हातचं मांडलं तं मी बोहल्यावर चढत नाई."

आता घ्या. बोलायची मोजकी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखी. वच्छलाबाईनं आदळआपट केली, बापाच्या नावानं खडे फोडले, मग रडून पाहिलं. सोजरा म्हणाली, मला एक करंजी करून दाखव, मी करते. वच्छलाबाईचे डोळे लगेच कोरडे झाले.

त्या दुपारी तिनं चार करंज्या केल्या आणि सोजरा शेजारी मांडी घालून बसली. पोरीनं चुलीपुढं इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. पारी किती पातळ, सारण किती, मुरड घालताना अंगठा कुठं आणि बोट कुठं, सगळं तिनं दोन-दोनदा विचारलं. करंजी तेलात पडल्यावर तिच्या अंगावर फोड कुठं येतात आणि रंग आधी कडेला चढतो की पोटाला, तेही विचारलं. तळलेली करंजी तिनं तळहातावर तोलली, कानाशी हलवली, उन्हात धरली. वच्छलाबाईला इतका आनंद झाला की तिनं देवापुढं साखर ठेवली. सोजरा ती करंजी घेऊन उठली आणि चुलीकडं न जाता छपराकडं गेली.

छपरात सातपुड्यातून आणलेलं लाकूड रचलेलं असे, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जंगलखात्याचा पास घेऊन रीतसर आणलेलं. सागवानाला सोजरानं हात लावला नाही. जड पडलं असतं. तिनं दोन उन्हाळे वाळलेला पांगाऱ्याचा ओंडका काढला. हे लाकूड पोकळ कणसासारखं हलकं. त्याच्या तिनं दोन-दोन वाट्या कोरल्या, पारीइतक्या पातळ, आणि डिंकानं एकमेकींना जोडल्या. डिंक काय, लाडवातही तोच आणि लाकडातही तोच. मुरड घालायला तिनं सगळ्यात बारीक पटाशी घेतली आणि आईच्या अंगठ्याचं माप घेऊन एकेक दुमड कोरली. तांदळाच्या खळीचे ठिपके देऊन त्यावर तापली सळई जवळून फिरवली, तर हुबेहूब तळणीचे फोड आले.

रंग मात्र जमेना. हळद लावली तर करंजी कावीळ झाल्यासारखी दिसे. तेव्हा ती शेजारच्या रुखमाबाई कुंभारणीकडं गेली. कशासाठी हवं ते सांगितलं नाही, खेळण्यांसाठी म्हणाली. रुखमाबाईचा जन्म भट्टीपुढं गेलेला. माती कुठं तांबूस होते आणि कुठं करडी राहते ते तिला डोळे मिटून सांगता येई. तिनं सांगितलं, हळद पाण्यात नको, ताकात कालव, आणि कडेला गेरूचं बोट नुसतं पुसून ने. वरून जवसाचं तेल चोळलं, की तळून निथळल्याची चमक आली. आत काय भरायचं? लाकडाचा भुसा, चाळून घेतलेला, म्हणजे हलवली की सारणासारखी खुळखुळते. आणि वास यावा म्हणून त्यात वेलदोड्याची पूड.

कुरडयांचं तर तिला काहीच अवघड नव्हतं. रंध्यातून निघणाऱ्या पांढऱ्या कुरळ्या साली तिनं खळीत बुडवल्या, गोल गोल वळवून आईच्या कुरडयांशेजारी बाजेवर वाळत घातल्या. तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई कुरडया गोळा करायला गेली आणि आपल्या समजून सोजराच्याही अर्ध्याअधिक टोपलीत भरून, खूश होऊन परत आली. मग सोजरानं आपल्या करंज्या आणून पुढं ठेवल्या, तेव्हा तिला सगळं कळलं.

असलं खोटं रुखवत मांडायचं का, म्हणून तिनं आरडाओरडा केला. पण सोजराचं म्हणणं साधं होतं. "खोटं कुठं हाय ह्यात? माह्या हातचंच हाय ना? खायाचंच पाहिजे असं कोनी म्हनलं?"

वच्छलाबाईनं करंजी हातात घेऊन उलटीपालटी केली. आपली कुठली आणि पोरीची कुठली, तिला स्वतःलाच कळेना. राग आला होता तो कुठं गेला कोण जाणे. बराच वेळ तिनं त्या मुरडीवरून बोट फिरवलं. मुरड तिची स्वतःची होती, एक दुमड इकडची तिकडं नाही.

मग मायलेकींत तोड निघाली. परातीत समोर मांडायच्या त्या करंज्या-कुरडया सोजराच्या, बघायला. पाठीमागं झाकलेल्या टोपलीत वच्छलाबाईच्या करंज्या, आणि विहीणबाईला करंजी द्यायची वेळ आली की ती टोपलीतली काढायची. कुणाच्या हातची ते सोजरानं सांगायचं नाही, म्हणजे तिचंही खरं राहील. निवृत्तीला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याचा पांगाऱ्याचा ओंडका गेला तेव्हाच त्याला सगळं समजलं होतं, आणि बायकोच्या भीतीनं तो गप्प होता.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं ते बघायला सकाळपासून गर्दी. मधोमध सोजरानं केलेली दमणी होती. लाकडाची चाकं, रुखमाबाईनं भाजून दिलेले मातीचे बैल, वेताची छपरी, आणि बैलांच्या झुलीवर चिंध्यांचं असं शिवणकाम, की शिंप्यानं येऊन दोनदा पाहिलं. लोक दमणीपुढंच खिळून होते, त्यामुळे करंज्यांकडं कुणी बारकाईनं बघत नव्हतं. वच्छलाबाईला जरा हायसं वाटलं. तेवढ्यात वऱ्हाडाच्या गाड्या वेशीवर आल्याची हाकाटी झाली आणि तिला सामोरं जावं लागलं. जाताना तिनं रुखवतापाशी राखण म्हणून बसवली ती नेमकी रुखमाबाई.

रुखमाबाईला रिकामं बसवत नाही. तिनं झाकलेली टोपली उघडून पाहिली, तर आत आणखी करंज्या. म्हणाली, अगंबाई, ह्या मांडायच्या राहिल्याच की. आणि कुंभारणीनं मांडायच्या म्हणजे कशा? भट्टीतून काढलेल्या मडक्यासारखी तिनं परातीतली आणि टोपलीतली एकेक करंजी उचलली आणि बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. जी खणखणली ती पक्की. जी ठस्स वाजली ती कच्ची. पक्क्यांची तिनं परातीत सुरेख उतरंड रचली. कच्च्या सगळ्या वेगळ्या काढल्या आणि मनात म्हणाली, बिचाऱ्या पोरीची लाज जायला नको. तिनं त्या पदरात घेतल्या आणि वऱ्हाडाच्या गाडीवानांना वाटून टाकल्या. गाडीवानांनी उभ्या उभ्या खाल्ल्या आणि आशीर्वाद दिला.

वच्छलाबाई विहीणबाईचा हात धरून मांडवात आली तेव्हा टोपली रिकामी होती. रुखमाबाईनं तिच्या कानाशी लागून मोठ्या अभिमानानं सांगितलं, काळजी करू नको, कच्च्या तेवढ्या मी काढून टाकल्या. वच्छलाबाईला वाटलं, आत्ता इथं धरणी फाटली तर बरं, नाहीतर निदान रुखमाबाईच्या पायाखाली तरी फाटावी.

सत्यभामाबाई पाटावर बसली. शेजारी भगवंतराव, मागं वऱ्हाडातल्या बायका, त्यांच्यात पुढं मान काढून मंजुळाबाई, आणि तिच्यामागं नव्या लुगड्यातली भाची. विहीणबाईनं उतरंडीच्या टोकावरची करंजी घेतली. लगेच खाल्ली नाही. तिची तऱ्हा निराळी होती. आधी मुरड पाहिली, मग वास घेतला, मग कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळ झालं. तिनं डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की सुकं खोबरं आहे, खसखस भाजून घातली आहे, वेलदोडा ताजा आहे, आणि असा हात आपण आपल्या चार सुनांत तर नाहीच, अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही. बायकांत कुजबुज झाली. मंजुळाबाईचं तोंड पडलं.

मग सत्यभामाबाईनं करंजी तोंडात घालून कडकन चावली.

कडकन म्हणजे खरोखर कडकन. पांगारा पातळ होता आणि दोन उन्हाळे वाळलेला. अर्धी करंजी तोंडात, अर्धी हातात. तिचा जबडा दोनदा हलला आणि थांबला. डोळे उघडले. वच्छलाबाईनं मनातल्या मनात कुलदेवतेला बोकड बोलला, आणि बोकड शाकाहारी घरात चालत नाही हे आठवून त्याचा नारळ केला. विहीणबाईच्या नाकाला वेलदोडा लागत होता आणि जिभेला सुतारकाम. पण आत्ताच जी बाई खोबरं-खसखस सांगून बसली, ती आता लाकूड कसं म्हणणार? इतक्या वर्षांची कीर्ती अशी भुशात घालवायची? जबडा पुन्हा हलू लागला.

"जराशी कडक झाली," ती म्हणाली. "पन चांगली हाय."

रीतीप्रमाणे दुसरा घास भगवंतरावांचा. त्यांनी करंजी चावली आणि त्यांचा चेहरा बदलला. पण वाकडा झाला नाही, उजळला. त्यांनी उरलेला तुकडा डोळ्याजवळ नेला, कोरलेल्या मुरडीवर अंगठा फिरवला, मग जोड दिसतो का ते नखानं पाहिलं. जोड दिसेना. ते निवृत्तीकडं झुकले आणि हळूच विचारलं, किती वाळवला? निवृत्ती बिचारा सरळ माणूस, कामाचं कुणी विचारलं की त्याचं भान सुटे. तो म्हणाला, दोन उन्हाळे. भगवंतरावांनी विचारलं, पटाशी कोणती? निवृत्तीनं बोटानं रुंदी दाखवली. दोन्ही व्याही एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून त्या करंजीत असे रंगले, की मांडवात आहोत हेच विसरले. वच्छलाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं, तर तो भगवंतरावांना सांगत होता की डिंक बाभळीचा घेऊ नये, धावड्याचा घ्यावा.

बायकांना वाटलं, काय बाई माणसं, पाकाची चौकशी करतात.

पण मंजुळाबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. सत्यभामाबाईचा जबडा थांबलेला तिनं पाहिला होता. ती म्हणाली, करंजी तर झाली, आता कुरडई आपल्यापुढं तळा. ताटाएवढी फुलते म्हणे, फुललेली बघू. नाही म्हणायला कुणालाच काही कारण नव्हतं. मागच्या अंगणात चुलीवर कढई चढलेलीच होती. सत्यभामाबाई उरलेली अर्धी करंजी मुठीत धरून उठली, दुसऱ्या हातात तिनं परातीतली कुरडई घेतली आणि वच्छलाबाईला घेऊन मागं निघाली. बाकीच्या बायका पोरंबाळं आवरून यायला लागल्या.

तेल धुरावत होतं. वच्छलाबाईला काही सुचेना. तिनं तेल गार होऊ द्या म्हटलं, मग गरम होऊ द्या म्हटलं. विहीणबाईनं कुरडई कढईवर धरली, तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरीच बाहेर आली.

"आत्याबाई, ते तळू नका," सोजरा म्हणाली. "तेल वाया जाईन."

सत्यभामाबाईनं कुरडई तशीच धरली. "अन् काऊन वाया जाईन?"

"ते रंध्याचं हाय. करंजी पांगाऱ्याची. आतमंदी भुसा. मले सैपाक येत नाई. मायनं तुमाले येते म्हनून सांगतलं, कारन तिले वाटलं मंग मले कोनी करनार नाई. तिचा दोष नाई."

वच्छलाबाईनं पदर तोंडात कोंबला. झालं, संपलं. सतरा वर्षं वाढवलेली पोर, आणि आता ह्याच मांडवात ती मंजुळाबाईची भाची बोहल्यावर चढणार, आपल्याच पोरीनं केलेल्या पाटावर बसून. तिनं विहीणबाईचे पाय धरायला वाकून पाहिलं, पण सत्यभामाबाई मागं सरली. ती सोजराकडं बघत होती. मग तिनं कुरडई कढईशेजारी ठेवली, पुढं होऊन नवरीचा हात धरला, उलटा केला आणि तळव्यावरचे घट्टे एकेक करून दाबून पाहिले, भाजी घेताना दाबतात तसे.

"हे सारं तूनं केलं? तुह्या बापानं नाई?"

"म्याच केलं."

"जात्याचा खुटा बसवता येते?"

सोजराला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. म्हणाली, येतो.

आणि मग सत्यभामाबाईच्या तोंडाला जे पाणी सुटलं ते करंजीसाठी सुटलं नव्हतं. तिनं खालच्या आवाजात, भराभर सगळं ओकून टाकलं. घरात चार सुना, चौघीही सुगरणी. एकीचं मीठ दुसरीला चालत नाही. रोज चुलीपुढं महाभारत, कढीला फोडणी कुणी द्यायची ह्यावरून एकदा तर दोघी माहेरी निघून गेल्या. पाचवी सुगरण आणायची म्हटलं तर तिच्या जिवाचा थरकाप होई.

"मंग करंजीचं काऊन इचारलं हो, इहीनबाई?" वच्छलाबाईला राहवलं नाही.

"तं पोरीले दुसरं इचाराचं काय?" सत्यभामाबाई चिडून म्हणाली. "सारे तेच इचारतात. आन् सांगतो तुले, माह्या घरात सहा सुतार हायेत. साऱ्या शेगावाच्या गाड्या करतात मेले. पन माह्या जात्याचा खुटा दोन वर्सांपासून हलून राह्यला, एकाले हात लावाले फुरसत नाई. पाट डुगडुगते, दाराले कडी नाई, फळी डोक्यावर पडते. इतकी वर्सं झाली, सुताराच्या घरात मले एक सुतार भेटून नाई राह्यला."

वच्छलाबाईला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. इतकी वर्षं पोरीचे जे हात तिनं पदराखाली झाकले, ते ही बाई आपल्या हातात धरून उभी होती.

एवढ्यात बायकांचा घोळका अंगणात आला, आणि सगळ्यांच्या पुढं मंजुळाबाई. तिची नजर कढईवर गेली, कुरडईवर गेली, वच्छलाबाईच्या ओल्या डोळ्यांवर गेली, आणि तिच्या तोंडावर हसू फुटलं. तिनं विचारलं, काय झालं जाऊबाई, फुलली नाही का? आणि करंजी पण अर्धीच राहिली वाटतं हातात?

सोजरानं तोंड उघडलंच होतं खरं सांगायला, पण सत्यभामाबाईनं तिच्या पायावर पाय दिला.

"रुखवत आता माह्या घरचं झालं," ती मंजुळाबाईला म्हणाली. "कुरडई मी शेगावाले नेऊन तळीन. अन् करंजी कायले अर्धी राहीन? चवीनं खाऊन राह्यलो."

असं म्हणून तिनं मूठ उघडली आणि उरलेली अर्धी करंजी सगळ्यांच्या देखत तोंडात टाकली. पांगाऱ्याची कड, खळीचे फोड, जवसाचं तेल, चाळलेला भुसा, सगळी. मंजुळाबाई टक लावून बघत होती, म्हणून ती सावकाश चावत राहिली, मान डोलावत, डोळे मिटून. डोळ्यांतून पाणी येत होतं, तर बायका म्हणाल्या, बघा, सून मिळाली म्हणून भरून आलं. शेवटचा घास गिळताना तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग तिनं पदरानं ओठ पुसले आणि वऱ्हाडाला सांगितलं, पानं मांडा.

वच्छलाबाईनं धावत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. विहीणबाईनं तो एका दमात रिकामा केला आणि दुसरा मागितला.